अंड्यातले पिल्लू अडते तेव्हा

"डाक्टर, अंड्याला टोच पडून अख्खी रात गेली. पिलू आत वरडतंय, पण भाईर येईना. फोडू का?"

राजूर आणि आसपासच्या गावांत जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी बरीच वर्षे गेली. तेवढ्या काळात हा प्रश्न मला किती जणींनी विचारला, याचा हिशेब नाही. कुणी आठवडे बाजाराला आली की दवाखान्याच्या दारात थांबून विचारी, तर कुणी गाईला लस टोचायला गेलो की चुलीपाशी ठेवलेले डालगे दाखवून विचारी. अलीकडे हाच प्रश्न फोनवर येतो. विचारणारा एखादा तरुण असतो. त्याने थर्माकोलच्या खोक्याचे उबवणी यंत्र घेतलेले असते. किंवा एखाद्या शाळकरी मुलीचे वडील असतात आणि घरी पिंजऱ्यातल्या जोडीने मडक्यात अंडी घातलेली असतात. माणसे बदलली, पण प्रश्नातली घालमेल तीच राहिली.

मी लगेच 'फोडा' म्हणत नाही आणि 'फोडू नका' असेही म्हणत नाही. आधी उलट विचारतो, "अंडी कोणत्या दिवशी बसवली? आणि टोच नक्की कधी पडली?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की निम्मा निकाल लागतो. तो कसा, हे आज सांगणार आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. राजूर म्हटले की लोकांना डांगी जनावरांचे प्रदर्शन आठवते. बैल, गाय, भात ही इथल्या शेतीची मोठी नावे. पण घराच्या मागे चार-सहा गावरान कोंबड्या असतात, त्या बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या मालकीच्या. त्यांच्या अंड्या-पिलांचा पैसा तिच्याच हातात येतो. वह्या-पुस्तके, दवाखाना, पाहुण्यांची सरबराई अशा अडीनडीला तोच उपयोगी पडतो. एका रवणातली दहा पिल्ली वाचणे आणि चार वाचणे यांत तिच्या दृष्टीने फार फरक असतो. म्हणून अडलेल्या पिल्लाचा प्रश्न दयेचा आहेच, आणि तो घरखर्चाचाही आहे.

आता अंड्याच्या आत डोकावू. कोंबडीचे अंडे उबायला एकवीस दिवस लागतात, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. या एकवीस दिवसांत अंडे श्वास घेत असते, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. टरफलाला सुमारे दहा हजार बारीक छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आतले पाणी हळूहळू वाफ होऊन निघून जाते. पाणी कमी होईल तशी अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. उकडलेले अंडे सोलताना एका टोकाला खळगा दिसतो ना, तीच ही पोकळी. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवे. म्हणजे ४५ ग्रॅमचे गावरान अंडे असेल, तर पाच-साडेपाच ग्रॅम पाणी उडून गेले पाहिजे. ही घट का हवी, ते पुढे येईलच.

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी पिल्लाने अंड्यातली जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असते. त्याचे डोके रुंद टोकाकडे, उजव्या पंखाखाली खुपसलेले असते आणि चोच हवेच्या पोकळीकडे असते. इथपर्यंत त्याची फुप्फुसे कामाला लागलेली नसतात. टरफलाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांचे जाळे असलेला एक पातळ पडदा असतो, तोच त्याची फुप्फुसे. पिल्लू मोठे होते तसा हा पडदा अपुरा पडू लागतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मानेचे स्नायू आखडून झटके देऊ लागतात आणि एका झटक्यात चोच आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत शिरते. पिल्लाचा पहिला श्वास तो हा. बाहेरून अंडे अजून अखंड दिसते, पण कानाशी धरले तर आतून बारीक चिवचिव ऐकू येते.

पोकळीतली हवा ती किती! काही तासांत तिच्यातला प्राणवायूही कमी पडतो. पुन्हा झटके सुरू होतात आणि या वेळी चोच थेट टरफलावर आदळते. टरफलाला तडा जातो, बारीक खपली उडते. हीच आपली टोच. चोचीच्या वरच्या टोकावर एक कठीण पांढरा दाणा असतो, तो इथे कामी येतो. मानेच्या मागच्या बाजूला एक खास स्नायूही या काळापुरता फुगलेला असतो. काम झाले की स्नायू ओसरतो आणि दाणाही काही दिवसांत गळून पडतो.

टोच पडली की पाहणाऱ्याला वाटते, आता पिल्लू बाहेर येईल. आणि नेमके इथेच ते थांबते. दोन तास जातात, सहा तास जातात, कधी बारा तास. पिल्लू मधूनच ओरडते आणि पुन्हा गप्प होते. त्या बाईचा जीव टांगणीला लागतो तो याच वेळी. वाटते, बिचारे दमले, त्याच्याने होत नाही. एक टिचकी मारली तर सुटेल.

पण या शांत तासांत आत दोन मोठी कामे चालू असतात. पहिले काम श्वासाचे. फुप्फुसे आता बाहेरची हवा घेऊ लागलेली असतात. ती पूर्ण सुरू होईपर्यंत पडद्यातले रक्तही वाहत असते. फुप्फुसांनी भार उचलला की पडद्यातले रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात ओढले जाते आणि पडदा कोरडा, निर्जीव होतो. दुसरे काम शिदोरी भरून घेण्याचे. अंड्यात उरलेला बलक बेंबीच्या वाटेने पिल्लाच्या पोटात शिरत असतो. तो पूर्ण आत गेला की बेंबी मिटते. या बलकावर पिल्लू जन्मानंतर दोन-तीन दिवस दाण्यापाण्याविना तग धरू शकते. हॅचरीतून एक दिवसाची पिल्ली खोक्यात भरून दूरच्या गावी पाठवता येतात, ती याच शिदोरीच्या बळावर. आणि कोंबडीही शेवटचे पिल्लू फुटेपर्यंत पहिल्या पिल्लांना पोटाखाली घेऊन बसून राहू शकते.

आता ही कामे अर्धवट असताना टरफल सोलले तर काय होईल, याची कल्पना करा. पडद्यातल्या वाहिन्या तुटतात आणि रक्त वाहू लागते. एवढ्याशा जिवात रक्त असते तरी किती! चार थेंब गेले तरी ते त्याला परवडत नाही. बलक आत गेलेला नसेल, तर बेंबी उघडी राहते, तिथून जंतू शिरतात आणि पिल्लू दोन-चार दिवसांत पोट फुगून मरते. लोक म्हणतात, "फोडून काढलेलं पिलू जगत नाही." हा अनुभव खराच आहे. पण बहुतेक वेळा त्याचे कारण माणसाचा हात लागणे हे नसते. हात वेळेआधी लागलेला असतो.

सगळे नीट झाले, तर विसावा संपल्यावर पिल्लू जागच्या जागी फिरू लागते. रुंद टोकाकडून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. थोडे फिरते, टोच मारते, पुन्हा फिरते, पुन्हा टोच मारते. डब्याचे झाकण कापत जावे तशी टरफलावर गोल रेघ उमटते. मग पाय ताणून ते झाकण ढकलते आणि ओलेचिंब बाहेर येते. पहिल्या टोचेपासून इथवर यायला कोंबडीच्या पिल्लाला साधारण बारा ते चोवीस तास लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी मदत त्यावर बेतलेली आहे.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे गणित थोडे वेगळे असते. आपल्याकडे ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, ते छोटे हिरवे-निळे पक्षी बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरिगर असतात. त्यांची अंडी अठरा दिवसांत फुटतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, त्यांना बावीस-तेवीस दिवस लागतात. कॉकटीलला अठरा ते एकवीस, कबुतराला सतरा ते एकोणीस आणि बदकाला अठ्ठावीस. बजरिगरची मादी एक दिवसाआड अंडे घालते आणि सुरुवातीच्या अंड्यांपासूनच उबवायला बसते. त्यामुळे तिची पिल्लीही एकेक करून, दिवसाआड फुटतात. "पहिले पिल्लू परवाच आले, बाकीची अजून आतच," म्हणून घाबरून मडक्यात हात घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ती मागे पडलेली नसतात, त्यांची पाळी अजून यायची असते.

गावरान कोंबडीचे तसे नसते. ती रोज एक याप्रमाणे अंडी घालते, पण खुडूक झाल्यावर सगळ्यांवर एकदमच बसते. म्हणून पिल्लीही जवळपास एकाच दिवशी येतात. यात पिल्लांचाही हात असतो. टोचेच्या आधी-नंतर ती आतून आवाज करतात आणि कोंबडी खालच्या आवाजात 'कुक् कुक्' करून उत्तर देते. केंब्रिजच्या संशोधिका मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात लाव्ह्यांच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखवले, की एकमेकांना चिकटून ठेवलेल्या अंड्यांतली पिल्ली परस्परांचे 'टिक टिक' आवाज ऐकून आपला वेग जुळवून घेतात. मागची घाई करतात आणि सगळी जवळजवळ एकदम बाहेर येतात. अंडी रवणात एकमेकांना टेकून असणे किती मोलाचे आहे, हे त्यावरून कळते. टोच पडलेले अंडे उचलून दर तासाला उन्हात नेऊन पाहणे, ही मदत नव्हे.

मग पिल्ली अडतात तरी का? राजूरला याचे उत्तर हवेतच सापडते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पश्चिमेला घाटघर, रतनवाडीकडे तर तो असा कोसळतो, की घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीही ओल धरतात. तोच भाग एप्रिल-मे महिन्यात इतका कोरडा होतो, की ओठ फुटतात. अंड्याला छिद्रे असतात हे आपण पाहिले. मग बाहेरच्या हवेचा परिणाम आत झाल्याशिवाय कसा राहील?

उन्हाळ्यात अंड्यातले पाणी जास्त उडते. टोच पडल्यावर कोरडी हवा थेट आत शिरते आणि आतला पापुद्रा वाळून चामड्यासारखा होतो. तो पिल्लाच्या अंगाला चिकटून बसतो. पिल्लू धडधाकट असते, जोरात ओरडते, पण त्याला फिरताच येत नाही. पावसाळ्यात याच्या उलट होते. पाणी पुरेसे उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू पाणावलेले आणि फुगलेले असते. फिरायला जागा नसते, टोच मारली तर भोकातून चिकट द्रव झिरपतो आणि नाकपुड्या बंद होतात. आधी मी म्हणालो की वजनात ११ ते १३ टक्के घट हवी, ती यासाठी. बाहेरून दोन्ही पिल्ली सारखीच अडलेली दिसतात. पण एकाला ओलावा हवा असतो आणि दुसऱ्याला नको असतो.

याखेरीजही कारणे आहेत. कधी पिल्लू आत उलटे असते, डोके निमुळत्या टोकाकडे. तिथे हवेची पोकळी नसल्याने त्याला पहिला श्वास मिळायला अडचण होते. कधी अंडी फार दिवस साठवून मग बसवलेली असतात. कधी कोंबड्यांना नुसता भाताचा कोंडा आणि तांदळाची कणी मिळालेली असते. जीवनसत्त्वे, विशेषतः 'ब' गटातली, कमी पडली तर पिल्लू अंड्यातच अशक्त राहते. यंत्रात उबवणाऱ्यांकडे आणखी एक कारण असते, ते म्हणजे उत्सुकता. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडले की आतली वाफ क्षणात निघून जाते आणि टोच पडलेल्या अंड्यांचे पापुद्रे वाळतात. एक पिल्लू पाहायला झाकण उघडावे आणि दुसरी चार अडावीत, असे होते.

आता मदत कधी करायची ते सांगतो. टोच पडून चोवीस तास होईपर्यंत कोंबडीच्या अंड्याला हात लावू नका. टोच पडलेली वेळ लिहून ठेवा, अंदाजावर जाऊ नका, कारण वाट पाहताना एक तास चार तासांएवढा वाटतो. बजरिगर आणि कॉकटीलच्या बाबतीत दीड-दोन दिवसही लागू शकतात. चोवीस तासांनंतरही टोच जशीच्या तशी असेल, भोकाच्या कडेचा पापुद्रा पिवळट-तपकिरी आणि कडक झाला असेल, किंवा पिल्लाने गोल रेघ कापायला सुरुवात करून मग पाच-सहा तास काहीच हालचाल केली नसेल, तर हस्तक्षेप करायला हरकत नाही. टोच निमुळत्या टोकाकडे पडली असेल, तर अधिक बारीक लक्ष ठेवावे. तशी काही पिल्ली आपापली बाहेर येतात, काहींना हात द्यावा लागतो.

सामान फार लागत नाही. उकळून कोमट केलेले पाणी, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, बोथट चिमटा, स्वच्छ फडके आणि बॅटरी. हात साबणाने धुवावेत. खोलीत वारा नको. अंडे फडक्यात धरून, भोकाभोवतीच्या पापुद्र्यावर कोमट पाण्यात बुडवून निथळलेली काडी हलकेच फिरवायची. पाणी भोकात, नाकपुड्यांत जाता कामा नये. ओला झाला की पापुद्रा पारदर्शक होतो आणि खरी गोष्ट दिसते. त्यात लाल रेषा, म्हणजे रक्त भरलेल्या वाहिन्या दिसल्या, तर तिथेच थांबा. पिल्लू अजून तयार नाही. भोक श्वासापुरते मोकळे आहे एवढे पाहा आणि अंडे उबेत परत ठेवून चार-सहा तासांनी पुन्हा बघा. रेषा दिसल्या नाहीत, पापुद्रा पांढुरका आणि रिकामा असेल, तर पुढे जाता येते.

पुढे जायचे तेही पिल्लाच्याच वाटेने. भोकापासून सुरू करून, रुंद टोकाच्या बाजूने, पिल्लू जशी गोल रेघ कापते तशीच टरफलाची एकेक खपली चिमट्याने उचलायची. एकदम सगळे नाही. दोन-चार खपल्या काढायच्या, पापुद्रा ओला करायचा, थांबायचे. कुठे रक्ताचा ठिपका दिसला तर कोरड्या कापसाने अलगद दाबून धरायचे आणि त्या वेळचे काम तिथेच बंद करायचे. त्यावर हळद, राख काही टाकू नका. टरफलाला तेलही चोपडू नका, छिद्रे बुजतात. पावसाळ्यातले चिकट, पाणावलेले पिल्लू असेल तर ओलावा देण्याची गरज नसते. त्याची चोच आणि नाकपुड्या काडीने टिपून कोरड्या ठेवायच्या.

वरची टोपी सुटली आणि डोके मोकळे झाले, की आपले काम संपले. खालच्या अर्ध्या टरफलातून पिल्लाला स्वतःच बाहेर पडू द्यावे. ही गोष्ट मी फार आग्रहाने सांगतो. बेंबी आणि बलक असतात ते खालच्याच भागात. ओढून काढले तर नाळ तुटते. बलक थोडा शिल्लक असेल, तर त्या अर्ध्या टरफलात, ओल्या कोमट फडक्यावर काही तास पडून राहिल्याने तो आत जातो. पाय मारून ते स्वतः निघाले, की समजावे बेंबी बहुधा मिटली. नाळेचा वाळका धागा लोंबत असेल तर तो कापू नका, ओढू नका. बेंबीला पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब लावावा.

एक वेगळी अडचणही येते. आतून चिवचिव ऐकू येते, पण टोच पडत नाही. अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावून पाहिले, की पोकळीत चोचीची सावली हलताना दिसते. अशा अवस्थेत एक दिवस उलटला, तर पोकळीच्या अगदी वरच्या बाजूला, चोचीपासून दूर, जाड सुईने घासत घासत टाचणीच्या डोक्याएवढे एक भोक पाडावे. एवढेच करायचे. श्वासाला हवा मिळाली की पुष्कळ पिल्ली पुढचे काम स्वतः करतात. सावली अजून पोकळीच्या खालीच असेल, आवाजही नसेल, तर मात्र भोक पाडायचे नाही.

बाहेर आलेले पिल्लू वाळेपर्यंत उबेत हवे. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. बल्ब लावलेल्या खोक्यात ते ठेवावे आणि अंधार पडल्यावर कोंबडीच्या पोटाखाली सरकवावे. रात्री ती सहसा कुरकुर न करता स्वीकारते, दिवसा कधी कधी टोचते. पाय फाकत असतील तर मऊ कापडाच्या पट्टीने दोन्ही पाय आपल्या नैसर्गिक अंतरावर दोन-चार दिवस सैल बांधावेत आणि खाली गुळगुळीत कागदाऐवजी गोणपाट अंथरावे. बहुतेक पिल्ली सावरतात.

इथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. नीट, वेळेवर मदत करूनही काही पिल्ली जगत नाहीत. अन्नाच्या कमतरतेने किंवा उबेच्या चढउताराने जे पिल्लू आतच दुबळे घडले, त्याचे टरफल काढल्याने ते सबळ होत नाही. पण जे धडधाकट आहे आणि केवळ वाळक्या पापुद्र्यात अडकले आहे, त्याला सोडवणे हे योग्यच. "जे आपणहून येत नाही ते मरू द्यावे, निसर्गाचा नियम आहे," असे काही जण म्हणतात. पण बंद खोक्यात, बल्बच्या उबेवर, भर उन्हाळ्यात अंडी आपणच बसवली. तो पापुद्रा वाळवला तो आपल्या यंत्राने. तेव्हा तिथे निसर्गाचे नाव पुढे करण्यात अर्थ नाही.

पक्षी पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. आपला रानातला पोपट पाळणे, त्याची अंडी किंवा पिल्ली ढोलीतून काढणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने, १९७२पासून लागू असलेल्या, गुन्हा आहे. राजूरच्या जवळच १९८६ साली जाहीर झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. रानात पडलेले अंडे किंवा पिल्लू दिसले, तर घरी आणून वर सांगितलेले प्रयोग करू नका, वन विभागाला कळवा. हे सगळे सांगितले ते घरच्या कोंबड्या, कबुतरे आणि पिंजऱ्यात वाढलेले बजरिगर, कॉकटील यांच्यापुरते.

खरे सांगायचे तर पिल्लू अडू नये यासाठी करायची मदत पहिल्या दिवशीच सुरू होते. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडा. बसवेपर्यंत ती निमुळते टोक खाली करून गार जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. गिरीराज, वनराज यांची अंडी मोठी असतात, ती दोन-तीन कमीच ठेवा. बसवण्यापूर्वी कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा नाहीत ना, हे पाहा. चावा सुरू झाला की ती सारखी उठते आणि अंडी गार पडतात. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना शेवग्याचा पाला, थोडी सुकट आणि शिंपल्यांचा चुरा मिळू द्या. उन्हाळ्यात डालग्याच्या तळाशी मातीचा थर घालून त्यावर पेंढा पसरा आणि ती माती कडेने ओलसर ठेवा. पावसाळ्यात डालगे जमिनीपासून उंच ठेवा आणि पेंढा कोरडा बदलत राहा.

यंत्र वापरत असाल, तर पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश तापमान ठेवा. हवेतली आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे बंद करा आणि झाकणही बंदच ठेवा. वीज गेली तर झाकण न उघडता खोके घोंगडीने गुंडाळा. शेवटच्या दिवसांत पिल्ली स्वतःही उष्णता तयार करत असतात, त्यामुळे थोडा गारवा ती सोसतात. जास्त तापणे मात्र घातक ठरते. म्हणून वीज आल्यावर एकदम उष्णता वाढवू नका.

आणि जमत असेल तोवर एखादी तरी खुडूक बसणारी गावरान कोंबडी घरात राखा. सुधारित जातींच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी शेवटी गावरान कोंबडीखालीच ठेवावी लागतात. आमच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरचे बियाणे जपले. २०२०च्या पद्मश्रीने त्या कामाचे मोल देशाला कळले. अंड्यांवर एकवीस दिवस नेटाने बसणारी, दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवणारी, पिल्लाच्या आवाजाला ओ देणारी कोंबडी हेही तसेच घरचे बियाणे आहे. ते एकदा गेले, की यंत्र आणि वीज यांच्यावरच सगळा भरवसा ठेवावा लागेल.

शेवटी एक साधी सवय सांगतो. रवण बसवताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख घाला. शाईने नको, ती छिद्रांतून आत उतरते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अठरावा आणि एकविसावा दिवस खूण करून ठेवा आणि टोच दिसली की वेळ लिहा. एवढे केलेत, तर 'फोडू का?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तुम्हालाच मिळेल. आणि नाही मिळाले, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर विचारा. मात्र जाताना ते अंडे घेऊन जाऊ नका. ते कोंबडीच्या पोटाखालीच राहू द्या आणि लिहून ठेवलेली तारीख, वेळ सोबत न्या.